पाहुणा कधी यायचा

५ जानेवारी ९७, रविवार, जळोची

आबांनी आजही पेज भिंतीवर उडवली. उजवी बाजू गेली तरी डावा हात शाबूत आहे, हे आम्हाला रोज दाखवून देतात. भिंत पुसली, आबांना पुसलं, मग उरलेली पेज मीच चाखून बघितली. मीठ नावाला. मीही उडवली असती.

लकवा झाल्यापासून तीनच शब्द राहिलेत. हां, नको आणि पाहुणा. पलटणीच्या मेसमध्ये आणि नंतर इंदापूरच्या डाकबंगल्यात आयुष्यभर हाताखालच्यांवर ओरडलेला स्वयंपाकी, आणि आता हे. दिवसातून कितीदा तरी दाराकडे बघून विचारतात, "पाहुणा?"

हे म्हणाले, "दादांची वाट बघत्यात गं."

माझ्या भावाची कसली वाट! ह्यांना आमच्या माहेरचा पाहुणा माहीत नाही.

७ जाने.

आज ह्यांना सांगून टाकलं. इंदापुरात आम्ही भाड्याच्या खोलीत राहायचो, तेव्हा मालक माळकरी. डुकराचं मटण घरात शिजतं हे कळलं असतं तर बिऱ्हाड त्याच दिवशी रस्त्यावर. म्हणून आईनं नाव काढलं, पाहुणा. "आज पाहुणा येणार हाय, खिडकी लावून घ्या." मालकीणबाई आईला कौतुकानं म्हणायच्या, तुमच्याकडं, बाई, माणसांचा राबता फार.

हे हसून हसून खाली बसले. "आन् मग लग्नात तुझी मावशी सगळ्यांला सांगत व्हती, पाहुणा आला, पाहुणा आला. मला वाटलं माझा मान करतीया." खूप दिवसांनी घरात कुणी असं हसलं. आबाही तोंडाच्या एका बाजूनं हसले, म्हणजे ऐकू सगळं येतं.

आबांच्या हातचा पाहुणा म्हणजे बरगड्या. साहेब लोकांसाठी शिकलेले. बार्बेकू म्हणायचे त्याला. साहेबांकडे बाटलीतला सॉस, आपल्याकडे काकवी आणि चिंच. हाड नुसतं ओढलं की हातात यायचं, मांस ताटलीत राहायचं.

ठरवलं. मरायच्या आधी आबांना एकदा तेवढं खाऊ घालायचं. लिहिताना हात थांबला, पण खरं आहे ते. आबा जाणार आहेत.

९ जाने.

डॉ. ना विचारलं. म्हणाले, गिळायच्या नळीवर ताबा राहिलेला नाही, तुकडा अडकला तर जीव जाईल. पातळ द्या. मी म्हटलं, पातळ भिंतीला देतात. डॉक्टर हसले नाहीत. शेवटी म्हणाले, बोटानं दाबून लगदा होईल इतकं मऊ असेल तर कणभर चाटवा, बसवून, तुमच्या जबाबदारीवर.

जबाबदारी माझीच. दुसरी कोणाची आहे? दादा नागपूरला बँकेत साहेब. लकवा झाल्याचं कळवलं तेव्हा शेजारच्या सायराभाभींच्या फोनवर "बघतो" म्हणाला. अजून बघतोच आहे.

१२ जाने., रवि.

इंदापूरला गेले. मटणवाला यल्लाप्पा अजून तिथेच, तसाच, दात मात्र गेले. आबांचं नाव काढल्यावर सुरी खाली ठेवली. "खानसाम्यासाठी व्हय? थांब, कवळ्या बरगड्या बघून देतो." पिशवी मांडीवर घेऊन एस.टी.त बसले. शेजारची बाई विचारते, काय हाय? म्हटलं, पाहुण्याचं सामान. आईची आठवण आली.

सायराभाभींना आधीच सांगितलं. त्यांना न कळवता शिजवणं मला पटेना, भिंत एकच आहे. त्या म्हणाल्या, "सांगितलं ते बरं केलंस. मी खिडकी लावून घेते. आबांना खाऊ दे." आईसुद्धा खिडकीच लावायची, पण आतून.

घाई केली. प्रेशर कुकरला लावलं, शिट्ट्यांवर शिट्ट्या घेतल्या. हाड सुटलं पण मांसाचे दोरे झाले. तरी एक दोरा कुस्करून जिभेवर ठेवला. ठसका. डोळे पांढरे. ह्यांनी पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा निघाला.

उरलेलं ह्यांनी खाल्लं. म्हणाले चांगलं झालंय. हा माणूस मला कधी खरं सांगणार नाही.

१३ जाने.

आबांनी पेज उडवली नाही. तोंडच उघडलं नाही. माझी चूक झाली हे त्यांना कळलं असेल. आबांचं सांगणं आठवलं पाहिजे होतं. "आच मोठी केली की मांस घाबरतं. घाबरलं की आवळून बसतं. त्येला कळूच द्यायचं न्हाय की आपण शिजतोय."

१५ जाने.

माळ्यावरून आईची भुशाची शेगडी काढली. तेलाचा डबा कापून केलेली. बुडाशी गंज, बाकी धड आहे. पूर्वी हिच्यावर सकाळी पातेलं चढवायचं ते दिवेलागणीला उतरायचं. गॅस आला आणि हिला सगळे विसरलो, मीही.

हे वखारीतून पोतंभर भुसा आणणार आहेत. माळेगावकडच्या गुऱ्हाळातून काकवीही सांगितली आहे.

२६ जाने., रवि.

शाळेत झेंडावंदन करून पळत घरी. माझ्या वर्गातल्या पोरांचं संचलन नीट बघितलंही नाही.

शेगडी भरणं म्हणजे सोपं वाटतं. मधोमध बाटली उभी धरायची, खालच्या भोकातून दांडकं सारायचं, भोवतीनं भुसा ठासायचा, मग बाटली फिरवत फिरवत वर ओढायची. विहिरीसारखी पोकळी राहते, तिच्यात आग हळू जळते. माझी बाटली निघाली आणि विहीर ढासळली. पुन्हा भरली, पेटवली, दुपारी पुन्हा ढासळली. घरभर धूर. मटण कच्चं.

आबा खाटेवरून बघत होते. डावी मूठ वळून खाटेच्या कडेवर आपटत राहिले. मला वाटलं चिडलेत. नंतर लक्षात आलं, ठासायचं कसं ते दाखवत होते. ठोक, अजून ठोक.

मला रडू आलं ते धुरानं नव्हे.

२ फेब्रु., रवि.

झालं.

पहाटे भुसा भरला, मूठ वळून ठोकला. बाटली निघाली, विहीर उभी राहिली. बरगड्यांना मीठ, शिरका, आलं-लसूण, तिखट, चिंच, काकवी. झाकण कणकेनं लिंपलं. मग काही करायचं नाही, हेच अवघड. दिवसभर हात झाकणाकडे जायचा आणि आबा खाटेवरून "नको" म्हणायचे. अगदी वेळेवर. तीन शब्दांत त्यांनी मला स्वयंपाक शिकवला.

ऊन उतरल्यावर कणीक फोडली. हाड धरलं तर नुसतं हाडच वर आलं. थोडं निखाऱ्यावर धरून काकवी लावली. त्यासाठी उसाच्या कांडीचं टोक ठेचून कुंचा केला, आबा करायचे तसा. काकवी निखाऱ्यावर पडली आणि तो वास आला. मी इंदापूरच्या खोलीत उभी होते, दादाच्या मागे, ताटली धरून.

आबांना बसवलं. बोटानं लगदा केला, कणभर जिभेवर ठेवला. ह्यांचा हात आबांच्या पाठीवर तयार. गिळलं. ठसका नाही. पुन्हा दिलं. डोळे मिटले. डाव्या डोळ्यातून पाणी आलं, ते मी पुसलं नाही.

मग डोळे उघडले, दाराकडे बघितलं आणि म्हणाले, "पाहुणा?"

तोंडात पाहुणा असताना.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वाटी घेऊन आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. ह्यांचंच खरं होतं पहिल्या दिवसापासून, आबा दादाची वाट बघत होते. महिनाभर मी चुकीच्या पाहुण्याच्या मागे भुसा ठासत बसले.

३ फेब्रु.

शाळा सुटल्यावर एस.टी.डी. बूथ. दादा ऑफिसात भेटला. मी भांडायच्याच तयारीनं गेले होते. म्हटलं, बाप दाराकडं बघत पडलाय आणि तू फायली बघ.

दादा एकदम घरच्या भाषेत बोलला. इतकी वर्षं त्यानं ती आमच्याशी बोलतानासुद्धा टाकली होती. "मी यायचं कसं, विमल? आबाच म्हणालं व्हतं ना, आजपास्नं या घरात पाहुणा यायचा न्हाय."

मला आधी कळेचना. मग कळलं आणि बूथमधल्या स्टुलावर बसले.

आई गेल्यानंतरचा, तिच्या पुण्यानुमोदनाचा दिवस. दादा बायकोमुलांना घेऊन आला होता. आला म्हणून आबांनी बरगड्या आणवल्या. दादा तोवर धम्माच्या शिबिरांना जायला लागलेला, मटणमासा सोडलेला. सगळ्यांसमोर म्हणाला, धम्म घेतला तो असल्या गोष्टी सोडायला, माझ्या पोरांसमोर हे शिजणार नाही. आबांनी चढवलेलं पातेलं उतरवलं. हात धुतले. आणि ते वाक्य बोलले. दादा संध्याकाळच्या गाडीनं गेला तो गेलाच.

मी चुलीपाशीच होते. मी ऐकलं ते असं, की लेकासाठी म्हाताऱ्यानं जन्माची आवड सोडली. आणि खरंच त्यानंतर आबांनी घरात ते आणलं नाही. एवढं करूनही दादा रागावून गेला म्हणून मी त्याला दगड म्हणत आले.

फोनवर म्हटलं, "अरे खुळ्या, ते मटणाचं बोलले."

"तुला नक्की म्हाईत हाय?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं. पण दादा हॉस्टेलवरून सुट्टीला यायचा तेव्हाच आबा बरगड्या आणायचे. आणि तो उंबऱ्यात आला की ओरडायचे, "पाहुणा आला रं!" आम्ही पोरं विचारायचो, कुठला? आबा नुसते हसायचे.

नक्की माहीत नाही, असं मी म्हणाले. बूथवाला माझ्याकडे बघत होता.

दादा म्हणाला, "रजा टाकतो."

४ फेब्रु.

राग कुणावर धरायचा तेच समजेना. आईवर? तिनं बिचारीनं मालकाच्या भीतीनं एक शब्द लपवला. तो शब्द बापलेकाच्या मध्ये येऊन बसेल हे तिला काय माहीत. सरळ डुक्कर म्हणायची सोय असती तर दादा आज इथे असता.

आबांना ताप.

६ फेब्रु.

डॉ. येऊन गेले. छातीत कफ भरलाय. मी विचारलं, मी चाटवलं त्यानं? म्हणाले, त्यानं असेल, पेजेनं असेल, थुंकीनंसुद्धा होतं. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरं, कळायला मार्ग नाही. दवाखान्यात हलवू म्हटलं तर आबा, "नको." स्पष्ट. आजारात इतकं स्पष्ट पहिल्यांदा.

सायराभाभींच्या फोनवर निरोप आला. दादा निघतोय. एकटाच.

७ फेब्रु.

आज आबा जरा शुद्धीवर होते तेव्हा धीर करून विचारलं. कानाशी तोंड नेऊन.

"आबा, पाहुणा म्हणजे मटण?"

"हां."

"की दादा?"

"हां."

"त्या दिवशी, पातेलं उतरवलं तवा? कुठला पाहुणा म्हणाला होता तुमी?"

माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले. चौथा शब्द येतोय असं वाटलं, मी कान ओठांशी नेला. मग थकून डोळे मिटले.

ह्यांनी मला उठवलं. म्हणाले, "आता इचारू नको. दोघांनाबी आणू."

८ फेब्रु.

हे सकाळीच इंदापूरला जाऊन आले. यल्लाप्पानं पैसे घेतले नाहीत म्हणे.

दादा दौंडला उतरून पुढच्या गाडीनं येईल. तो खाणार नाही, त्याला खा म्हणणारही नाही. पण आल्या आल्या त्याला तो वास यावा, इतकंच. त्याच्या धम्माला तेवढं चालावं. शेगडी भरली आहे. विहीर उभी आहे. पातेलं लिंपून चढवलं, भुसा आतल्या आत जळतोय. भाभींची खिडकी आज उघडीच दिसली. मी खूण केली तर तिकडूनच हातानं म्हणाल्या, असू दे.

आबांनी कालपासून पाणीसुद्धा घेतलेलं नाही. श्वासाचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत येतो. खाट दारासमोर आणून ठेवली आहे. दार उघडं आहे.

रस्त्यावर रिक्षा थांबली की आबांची पापणी हलते. मग रिक्षा पुढं जाते.