साहेबाला दिलेलं आवतण

बाबा, मी आता पोरींना स्पॅनिश शिकवते. पहिल्या तासालाच सांगते, घाबरू नका, ही आपल्या घरातल्यासारखीच बोलते. 'मे गुस्ता' म्हणजे सरळ 'मले आवडते'. पुण्याला कॉलेजात मी 'पाहतेय'ऐवजी वऱ्हाडी 'पाहून राहिली' म्हटलं की सगळ्या हसायच्या. तिकडे स्पेनात रोजच्या बोलण्यात 'एस्तोय मिरांदो' म्हणतात, म्हणजे पाहूनच राहिली की. हे मला पुस्तकानं नाही, तुम्ही चुलीपाशी बसून शिकवलं, आणि त्याचा मला भारी तोरा आहे.

अकोल्याच्या बाजारात तुम्ही कापसाची पारख करायचे. भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा, तिथे भाषेचं काही कामच नव्हतं. तरी बार्सिलोनाच्या गिरणीसाठी कापूस घ्यायला आलेल्या त्या साहेबाची भाषा तुम्ही हंगामभर त्याच्यासोबत हिंडून उचलली. आई कुरकुरायची, "काहून डोकं खपवून राहिले? भाव तं बोटानं होते." तुम्ही म्हणायचे, "भाव होते. पन तो मानूस दिवसभर मुका राह्यते."

मग एके दिवशी, आपण वऱ्हाडात भेटेल त्याला विचारतो तसं, तुम्ही त्याला त्याच्या भाषेत विचारलं, जेवला का? त्या बिचाऱ्याला वाटलं, आवतण दिलं. संध्याकाळी तो टोपी हातात धरून आपल्या दारात हजर. अख्खी गल्ली बघायला बाहेर आली. परधर्माच्या माणसाला पंक्तीला बसवलं तर भावकी वाळीत टाकणार, हे माझ्यासारख्या पोरीलाही कळत होतं. तुम्ही उंबऱ्यात जरासे थांबता, मग लोटा उचलून त्याच्या हातावर पाणी घालता. आई भाकर आणि वांग्याची भाजी वाढते. तो काहीतरी बोलतो, आई माझ्याकडे पाहते, मी सांगते, "त्याले आवडली." आई आणखी वाढते.

दुसऱ्या दिवशी तुमचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, भावकीतल्या माणसांना घेऊन आले. वाईट नव्हते ते, तुम्हाला वाट काढूनच देत होते. "तो आपल्या मनानं आला, एवढं म्हन. आमी सोडून देतो." आणि खरं तर तेच होतं. तुम्ही म्हणाले, "नाही. म्याच बोलावला. घरी जेवून गेलेल्या मानसाले बिनबोलावता कसा म्हनू?"

त्या वर्षी पोळ्याला आपल्या दारी कोणी फिरकलं नाही. ताईचं ठरत आलेलं लग्न मोडलं, ती किती रडली. मीही तुमच्यावर धुसफुसत होते. तुम्ही शब्द फिरवला नाही. आज ते आठवलं की ऊर भरून येतो, बाबा.

नातवंडं विचारतात, त्या साहेबाला जेवायला कोणी बोलावलं होतं? मी तुमचं नाव घेते, तुमच्याइतक्याच ठामपणे. हे पत्र कुठे धाडायचं ते काही मला माहीत नाही. पण एक कबूल करते, सांगून सांगून आता मलाही तेच खरं वाटायला लागलं आहे.