अर्धी मात्रा मागे

रविवार, ५ जानेवारी
आले एकदाची! महाळुंग्यात वरच्या मजल्यावरची खोली. सामान काय, तर माइक, लॅपटॉप, पेटी आणि बाबांनी न मागता दिलेले उपदेश. कंपनीतली नोकरी सोडली तेव्हा मैत्रीण स्नेहल म्हणाली, डोकं फिरलंय तुझं. फिरू दे. गाणी माझी, चाली माझ्या, रेकॉर्डिंगही मीच करणार. पहिला अल्बम माझ्या एकटीच्या आवाजात निघणार म्हणजे निघणार. भिंतींना गोधड्या ठोकल्या. तरी मागच्या वर्कशॉपमधला पत्र्याचा प्रेस धाडधाड ऐकू येतोच. घरमालकीण इंदुताई म्हणाल्या, गुरवारी लाइट नसती, समदी वर्कशॉपं बंद ऱ्हात्यात, तवा गा की निवांत.

गुरुवार, ९ जानेवारी
केवढी शांतता! लॅपटॉपच्या बॅटरीवर पहिलं गाणं तीन तासांत उरकलं. ऐकताना मुखड्यामागे बारीक दुसरा आवाज लागला. माझ्यासारखाच, अर्धी मात्रा मागे. मी तर एकदाच गायले होते. ते रेकॉर्डिंग टाकून द्यायला हवं होतं. पण काय सुरेल होता तो! खोटं कशाला लिहू, मोह झाला. संध्याकाळी गाणं तसंच नेटवर चढवलं. खाली नाव : स्वरूपा, सबकुछ एकटीचं.

शनिवार, ११ जानेवारी
लोकांनी गाणं डोक्यावर घेतलंय. कौतुक सगळं त्या मागच्या आवाजाचं. जळफळाट झाला माझा. इंदुताई म्हणाल्या, दोघी लई ग्वाड गाता, ती दुसरी पोर जेवायला का येत न्हाई? मी हसले. नंतर जेवण गेलं नाही.

गुरुवार, १६ जानेवारी
दुसरं गाणं. आता ती मागे नाही, बरोबरीने गाते. तिचा आवाज पुसायला गेले तर माझाच पुसला गेला. ट्रॅकवर ती एकटी उरली. पुन्हा गायले. पुन्हा तेच. सात वेळा.

मंगळवार, २१ जानेवारी
आवाजच फुटत नाही. डॉक्टर म्हणतात, घशात काही नाही. बाबांचा फोन आला. मी नुसती श्वास घेत होते. ते म्हणाले, सकाळी फोनवर काय गायलीस पोरी, मी चुकलो. जन्मात पहिल्यांदा कौतुक केलं त्यांनी. सकाळी मी फोन केलाच नव्हता.

गुरुवार, २३ जानेवारी
जिन्यात बसलेय. खोलीला आतून कडी. लॅपटॉप माझ्या मांडीवर, बंद. आत ती गातेय. खाली माणसं जमलीत.

चाल माझीच. शब्द — या वहीतले. आले एकदाची — माइक, लॅपटॉप, पेटी — माझ्या एकटीच्या आवाजात —

इंदुताईंना खुणेने सांगितलं, ती मी नाही. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. गप, ऐकू दे म्हणाल्या.

थांबू का लिहायची? पण एवढंच उरलंय माझं —

आजच्या तारखेवर आली. मी लिहिते, ती गाते. अर्धी मात्रा मागे — आता बरोबर —

पुढे गेली. मी न लिहिलेलं गातेय. कडी निघाली म्हणतेय. मी उठले म्हणतेय, वही इथेच ठेवून मी आत —