कानामागची गोचीड

नाशिक रोड,
रविवार

आदरणीय सावळीराम दाजी,

सप्रेम जय भीम. तुम्ही, छायाताई आणि तुमची म्हैस (खरं तर तिची चौकशी आधी करायला हवी होती, घरात मान तिचाच) मजेत असाल असं धरून चालतो. मी बरा आहे. म्हणजे उजव्या बाजूने बरा आहे. डाव्या कानाने दोन महिन्यांपूर्वी कारण न देता राजीनामा दिला.

संस्कृतच्या मास्तरला कान म्हणजे सुताराला रंधा. सगळा वर्ग 'देव' शब्द चालवत असताना कोण नुसतेच ओठ हलवतंय, हे मी फळ्याकडे तोंड करून ओळखायचो. हल्ली डावीकडची रांग फार सुखात आहे. शेवटी आमच्या सौ. सुवर्णाने मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं, तर डॉक्टर निघाली तेजल, माझीच जुनी विद्यार्थिनी. तिथे बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात आणि बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं असतं. दाजी, चार शिट्ट्यांत मला त्यांची चाल कळली. मग ऐकू येवो न येवो, अनुष्टुभ छंदाच्या ठेक्यावर मी बटण दाबत गेलो (सवय हो, लबाडी नव्हे. बरं, थोडी लबाडी). डावा कान विशीतल्या पोराचा निघाला! तेजलने शिट्ट्यांमधलं अंतर वेडंवाकडं केलं आणि मी सपशेल नापास. "सर, इथे पाठांतर चालत नाही," म्हणाली. वाक्य माझंच, दहावीत तिला ऐकवलेलं.

मळ नाही, गाठ नाही, कारण सापडेना. तेव्हा तिने विचारलं, "गोचीड चावली होती का कधी?" मला दिवाळीत सायखेड्याला तुमच्या गोठ्याशेजारी टाकलेली खाट आठवली. माझ्या कानामागची गोचीड तुम्ही चुना-तंबाखू लावून उपटलीत आणि वर म्हणालात, "मास्तर, आता दूध वाढंल तुमचं!" पुढे आठवडाभर अंगात कणकण होती, ती मी फराळावर ढकलली. तेजल म्हणाली, गोचिडीच्या संसर्गाने कान जाणं क्वचितच. बहुतेकांच्या रक्तात काही निघत नाही. पण निघालंच, तर त्यावर औषध आहे, म्हणून तपासायचं. रक्त दिलं.

तुमचा एककर्णी मेहुणा,
बुद्धभूषण

ता.क. माझ्या रक्तात काही निघालं नाही. कान बहुधा असाच राहील. वर्गात आता माझी खुर्ची डाव्या भिंतीला लावली आहे. सगळी पोरं उजवीकडे आली.

ता.क. दुसरा, ज्यासाठी वरचं सगळं लिहिलं. मला एकदाच चावली, तुम्ही रोज गोचिडींत. गेल्या वर्षी तुम्हाला ताप आला, तो तुम्ही अंगावर काढलात. तेव्हापासून तुमचा टीव्ही नदीपलीकडे ऐकू जातो. छायाताई म्हणते, "मुद्दाम ऐकत नाय," आणि आम्ही सगळे तुम्हाला अडेल म्हणून हसतो. गुरुवारी दहा वाजता तेजलकडे तुमचं नाव लावलं आहे. म्हैस शेजाऱ्यांकडे सोपवून या. बटण मात्र ऐकू आल्यावरच दाबा.

ता.क. तिसरा. अडेल म्हटल्याबद्दल मला माफी मागायची होती. फोनवर दोनदा मागितली. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, म्हैस बरी आहे.