पेटीची किल्ली

सापगाव, ता. शहापूर
१४ सप्टेंबर २००३

प्रिय आक्कास,

रेश्माचा नमस्कार. दाजींनाही सांग. इकडे सगळं ठीक आहे, मीही बरी आहे. गणपती नीट पाण्यात गेले. भात पोटरीवर आलंय. भूमिका दहावीत आहे आणि तिच्या दहावीचा सगळा त्रास मलाच आहे. हे कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर असतात, शनिवारी घरी येतात.

मी मुरबाडला तुझ्याकडून निघताना तू विचारलं होतंस, ती पेटीची भानगड काय आहे. तेव्हा टाळलं, आता सांगते. गेल्या वर्षी शेजारच्या कमळाबाईंच्या सुनेनं, भिमीनं, जीव द्यायचा प्रयत्न केला. फवारणीचं औषध घरातच होतं, हाताशी. वाचली, आता बरी आहे. मग आमच्या बचत गटानं ठरवलं, की औषध कुणी घरात ठेवायचं नाही. माझ्या पडवीत लोखंडी पेटी, तिला कुलूप. फवारायचं त्या दिवशी न्यायचं, उरलेलं संध्याकाळी परत आणायचं. तेवढी वेळ टळली की माणूस सावरतं, असं भिमीच सांगते.

हे समजवायला घरोघर मी फिरले. अंगणवाडीच्या बाईला दारात कुणी अडवत नाही. अडवलं ते कमळाबाईंनीच. "आमच्या घरात काय येडी माणसं हायत का गो? झाला ते झाला. परत बोलू नको." मी परत गेले. शेवटी त्यांच्यासमोरच भिमीला विचारलं, "अजून मरावंसं वाटतं का?" कमळाबाई माझ्या अंगावर धावून आल्या. पण भिमी रडली आणि पहिल्यांदाच धड बोलली. सरळ विचारल्यानं नसता विचार कुणाच्या मनात शिरत नाही, उलट असलेला बाहेर येतो, हे मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी कमळाबाई स्वतः बाटल्या घेऊन आल्या, बडबड करतच.

किल्ली माझ्याकडे आली. सगळे म्हणाले, रेश्मा कायम हसत असते, तिच्याकडेच असू दे.

आक्का, आईबद्दल लिहायचं होतं. होळीच्या आधी तू दोनदा निरोप पाठवलास आणि मी पोलिओच्या कामाचं कारण सांगितलं. काम होतं, पण एवढं नव्हतं. आईला अंथरुणात तशी बघायची मला भीती वाटत होती. तिचं सगळं तू एकटीनं काढलंस. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. तू मला एका शब्दानं बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं, असं म्हणून मी आताही तुझ्यावरच ढकलतेय, बघ.

तेव्हापासून झोप नाही. घास उतरत नाही. दुसऱ्यांच्या लेकीसुनांना "मनातलं बोला" सांगत फिरते आणि घरी आल्यावर गप्प बसते. मी नसले तर सगळ्यांचं बरं होईल, असं वाटायला लागलं होतं.

गुरुवारी दुपारी मी पेटी उघडून बसले होते. कमळाबाई औषध न्यायला आल्या. मी म्हटलं, बाटल्या पुसतेय. माझ्या हातात फडकं नव्हतं.

त्या समोर फतकल मारून बसल्या. म्हणाल्या, "रेश्मे, तुला मरावासा वाटते का?"

"काहीतरीच काय," मी म्हटलं.

"मी तुझ्या अंगावर आले व्हते, तरी तू हटली नाय. आता मी पण नाय हटायची."

तेव्हा मी हो म्हटलं.

त्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पदराला बांधली. पेटी आता ग्रामपंचायतीच्या खोलीत आहे. कमळाबाई रोज माझ्याजवळ झोपायला येतात आणि मोठ्यानं घोरतात. त्या घोरण्यात मला दोन रात्री झोप लागली. काल यांना सांगितलं. हे म्हणाले, रजा टाकतो. मंगळवारी डॉक्टरांकडे जायचं आहे.

गावानं विश्वासानं दिलेल्या त्या बाटल्या, आणि त्यांच्यापुढे मी बसले. भूमिकाची शाळेतून यायची वेळ झाली होती, दार तिनंच उघडलं असतं. याची लाज अजून जात नाही. कमळाबाई म्हणतात, लाज नंतर बघू, आधी बहिणीला कळव. म्हणून लिहिलं.

तू ये. आईचं जे बोलायचं असेल ते बोल, शिव्या दे, मी ऐकेन. फक्त दारातून "बरी आहेस ना?" असं विचारू नकोस. मी हो म्हणेन. पत्राच्या सुरुवातीलाच तसं लिहून ठेवलंय, बघ. कमळाबाईंसारखं समोर बसून विचार, आणि मी उत्तर देईपर्यंत उठू नकोस.

तुझी, खरं सांगायला थांबलेली,
रेश्मा