त्या नावाची आठवी

प्रिय चिमणे,

हे पत्र मुद्दाम तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवतो आहे. संग्रहालयात आले असते तर तुझ्या सहायकाने फोडले असते. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस. 'दादा, तुला कला कळत नाही' म्हणशील आणि ठेवून देशील. नाही कळत. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. सही करण्यापूर्वी कागद पूर्ण वाचावा आणि कोणाचे काही वापरण्यापूर्वी त्याला विचारावे, एवढेच मला कळते.

तुझ्या प्रदर्शनाची कल्पना चांगली होती, हे आधी नोंदवतो. निरनिराळ्या शतकांतल्या, पण एकाच नावाच्या सात थोर स्त्रियांच्या तसबिरी: अल्पवयीन मुलाच्या वतीने राज्य चालवणारी राणी, धूमकेतूंचा माग काढणारी, तुरुंगातून वर्तमानपत्र चालवणारी. त्यासाठी तू आईचेच नाव निवडलेस, याचा मला अभिमान वाटला होता. बाबा गेल्यापासून तिला नावाने हाक मारणारे घरात कोणी उरलेले नाही. आपली ती आई, माझ्या मुलांची आजी, शेजाऱ्यांची काकू.

'तुझ्यासाठी एक गंमत आहे' असे तू तिला सांगून ठेवले होतेस. उद्घाटनाला खोकल्यामुळे तिला येता आले नाही, म्हणून रविवारी मी तिला घेऊन गेलो. तिने ठेवणीतले कपडे घातले. बाबांनी दिलेले, कधीचे बंद पडलेले घड्याळही बांधले. प्रत्येक तसबिरीपुढे ती अशी थांबत होती, जणू माहेरची माणसे भेटताहेत. राणीपुढे मला कोपराने ढोसून म्हणाली, बघ, हिचं नाकही माझ्यासारखंच आहे.

आणि मग आठवी तसबीर. आईचीच. घरातला गाऊन, सुटलेले केस, हात पुसता पुसता काहीतरी बोलत असलेली, तोंड अर्धवट उघडे. खाली वीतभर अक्षरांत: 'हिने काहीही केले नाही.' त्याच्याही खाली तुझा परिच्छेद आहे. इतिहास अशाच स्त्रियांच्या खांद्यांवर उभा असतो, वगैरे. तो मी वाचला, वाकून. तो गुडघ्याच्या उंचीवर, मुंगीएवढ्या अक्षरांत लावला आहेस. आईचे डोळे तुला ठाऊक आहेत. तिला वाचता आले तेवढे तिने वाचले.

शेजारी उभी असलेली एक मुलगी 'अय्या, सेम आमची आजी!' म्हणून खिदळली. आईसुद्धा हसली, आणि त्या मुलीला नीट दिसावे म्हणून स्वतःच्याच तसबिरीपुढून बाजूला सरकली. मी तुझा परिच्छेद मोठ्याने वाचू लागलो, तर म्हणाली, राहू दे रे, पोरीने लिहिलंय ते काही खोटं नाही.

चिमणे, मला आईला थोर ठरवायचे नाही. तिने काय काय केले याची जंत्री मांडत बसलो, तर मीही तिला भिंतीवरच टांगल्यासारखे होईल. मला फक्त एका गोष्टीचा जाब हवा आहे. राणीच्या तसबिरीसाठी तू तिच्या वंशजांची लेखी संमती मिळवलीस. दाराजवळच्या फलकावर त्यांचे आभार मानले आहेस. जिवंत आईला विचारावेसे का वाटले नाही? ती नाही म्हणाली नसती, हेच ना तुझे उत्तर? नसतीच म्हणाली. म्हणूनच विचारायला हवे होते.

मी हे गिळून टाकणार होतो. पण काल खोकल्यासाठी तिला दवाखान्यात नेले. परिचारिकेने तिचे नाव पुकारले. आई बाकावरून हलली नाही. पुन्हा पुकारले. मी म्हटले, आई, ऊठ, तुलाच बोलावताहेत. तर शांतपणे म्हणाली, मला कशाला बोलावतील? त्या नावाची माणसं वेगळी असतात.

ती चेष्टा करत नव्हती. म्हणून लिहितो आहे. ती तसबीर आजच उतरव, आणि तडक घरी ये. आत येऊ नकोस. दारात उभी राहा आणि बाबा मारायचे तशी तिला नावाने हाक मार. आईला नावाने हाक मारायची लाज वाटली तर वाटू दे. तिने ओ दिल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

संतापलेला, आणि तरी तुझाच,
दादा