परतीचा फोटो

९ फेब्रुवारी

आले एकदाची सोलापुरात! महेश्वरी स्टेशनवर हारबीर घेऊन उभी असेल असं वाटलं होतं, तर बाई नुसती गार पाण्याची बाटली घेऊन उभी. इथलं ऊन बघता तेच शहाणपणाचं होतं. आर्ट कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो, एकमेकींचे कुडते घातले, एकमेकींच्या भानगडींवर पांघरूण घातलं. गेल्या वर्षी तिचे वडील, अप्पा, गेले आणि नवी पेठेतला त्यांचा फोटो स्टुडिओ बंद पडला. आजोबांच्या काळापासूनच्या काचेच्या निगेटिव्ह तिथं पेट्यांत पडून आहेत. तुझ्याशिवाय कुणाच्या हातात देणार नाही, असं ती फोनवर म्हणाली आणि मी लगेच फुगले.

काम असं, की काचा स्कॅन करायच्या, त्यातली माणसं जिथं उभी होती तिथं जाऊन आजचे डिजिटल फोटो काढायचे आणि दोन्ही एकात एक मिसळायचे. गावाला स्वतःचं काय आठवतं ते बघायचं. जूनमध्ये मुंबईत प्रदर्शन ठरलंय.

स्टुडिओ साड्यांच्या दुकानाच्या वर आहे. मागच्या दोन खोल्यांत महेश्वरी आणि तिची आई चंद्रव्वा राहतात. चंद्रव्वांनी मला दारातच धरून ठेवलं, गालांवरून हात फिरवला, मग शेंगाचटणी आणि कडक भाकरी पुढ्यात ठेवली. नाशिकला आईला फोन करून सांगितलं, की तुझी मुलगी इथून जाड होऊन येणार.

१३ फेब्रुवारी

आज एक झकास जमलं. काचेवर एक नवरी आहे, पेठेतल्या पायरीवर उभी, नऊवारीत अवघडलेली. त्याच पायरीवर आज एक जण मोबाइलची कव्हरं विकतो. दोन्ही फोटो मिसळले तर नवरीचा हात नेमका कव्हरांच्या ढिगावर. भाव करतेय जणू. महेश्वरी आणि मी पोट धरून हसलो.

संध्याकाळी कळलं, की महेश्वरीला एक मोठी बहीण होती. मायाक्का. विसाव्या वर्षी तापानं गेली. कॉलेजात असताना तिनं हे एकदाही सांगितलं नव्हतं, जरा लागलं मला. चंद्रव्वा तिच्या फोटोंसमोरून हलेनात, जेवेनात, तेव्हा अप्पांनी तिचे सगळे फोटो आणि निगेटिव्ह गोळा करून नदीत सोडले. फोटोग्राफरच्या घरात पोरीचा एक फोटो नाही. "तिचं तोंडच आठवंना झालंय बघ," चंद्रव्वा म्हणाल्या.

१८ फेब्रुवारी

चंद्रव्वांनी भीतभीत विचारलं, मायाक्काचा एक फोटो करून देशील का?

या स्टुडिओत पूर्वी अशी रीत होती म्हणे. गेलेल्या माणसाचा फोटो नसला, तर त्याच्या चणीचं जिवंत माणूस त्याचे कपडे घालून कॅमेऱ्यासमोर बसायचं. मग घरचे सांगतील तसं अप्पा निगेटिव्हवर पेन्सिलीनं नाक, जिवणी बदलायचे. याला बदलीला बसणं म्हणायचे. हार घातलेले असे कितीतरी फोटो गावात अजून भिंतींवर असतील. महेश्वरी रुंद हाडाची, अप्पांच्या वळणावर गेलेली. मायाक्का माझ्या चणीची होती. मला तर उकळ्याच फुटल्या, अख्ख्या प्रदर्शनाचा गाभा घरबसल्या मिळाला!

मायाक्काची हिरवी इरकल नेसून बसले, महेश्वरीनं फोटो काढला. मी उठताना चंद्रव्वा कानडीत काहीतरी म्हणाल्या. महेश्वरीनं नकारार्थी मान हलवली आणि कॅमेरा पिशवीत घातला. विचारलं तर म्हणाली, झालं गं, एवढंच असतं.

२१ फेब्रुवारी

दिवसभर कॉम्प्युटरवर. चंद्रव्वा खुर्चीमागं उभ्या. "नाक जरा बारीक कर की. हां. डोळं असं न्हवतं, खाली झुकल्यालं." मी माझ्याच चेहऱ्यावर माऊस फिरवत होते. गंमत वाटत होती, खोटं कशाला बोलू! शेवटी त्यांनी पडद्याला हात लावला. "हीच की माझी माया." आणि रडल्या. मीही रडले. इतकं चांगलं काम मी आजवर केलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी

फोन माझा चेहरा ओळखत नाही. पासवर्ड टाकून उघडावा लागतो. उन्हानं तोंड सुजलं असेल, असं महेश्वरीचं म्हणणं. आरशात नाक जरा बारीक वाटतंय खरं. पण मी काही तासन्‌तास आरशात बघणारी बाई नाही, पैजेवर कसं सांगू?

जुने फोटो काढून ताडून बघितले. कॉलेजच्या ग्रुप फोटोत मी हललेली आहे. बाकी सगळ्या स्पष्ट. हा फोटो कित्येक वर्षं माझ्या भिंतीवर होता, तो असा नव्हता.

२६ फेब्रुवारी

सगळ्या फोटोंत हललेली. आधार कार्डावरसुद्धा.

समोर सबिहा ब्लाऊज शिवते. तिचे वडील नबीसाब या स्टुडिओत फोटो रंगवायचे. ब्लाऊज आणायला गेले तर ती माझ्याकडे बघून मागं सरकली. मग हळूच विचारलं, बदलीला बसलात का? आणि परतीचा फोटो?

कसला परतीचा?

बदलीला बसलेल्या माणसाला तसंच उठू देत नसत म्हणे. लगेच स्वतःचे कपडे घालायचे, घरच्यानं नावानं हाक मारायची, माणसानं ओ द्यायची आणि दुसरा फोटो काढायचा. तेव्हा ते माणूस आपल्या घरी परत जातं. नाहीतर ज्याच्यासाठी बसलं, त्याचंच होतं. "परतीचा झाल्याबगर अब्बा पानी पन पिऊ देत नव्हते, ताई. महेश्वरीला म्हाईत हाय की सगळं."

महेश्वरीला माहीत आहे.

२७ फेब्रुवारी

ती नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं शांतपणे सांगितलं. कॉलेजच्या पहिल्या दिवशी, मेसच्या रांगेत मला पाठमोरी बघून तिच्या काळजात धस्स झालं होतं. तीच चण, तीच मान. वॉर्डनला सांगून तिनं माझी खोली मागून घेतली. अप्पा असेपर्यंत त्यांनी हे होऊ दिलं नसतं, म्हणून थांबली. "तुझ्या आईला नोकरी आहे, मैत्रिणी आहेत. माझ्या अव्वाला काय आहे?" हे तिनं मला विचारलं. मला!

म्हणजे ते कुडते, ती रात्रभरची बडबड, माझे बाबा गेले तेव्हा माझं डोकं मांडीवर घेऊन बसली ते, सगळं याच्यासाठी. विश्वासघात हा शब्द मला नाटकातला वाटायचा. आज तो पुरत नाही.

परतीचा फोटो काढ म्हणून तिच्या पाया पडले. उद्या बघू म्हणाली.

हाक घरच्यानंच मारावी लागते. आईला बोलवायला हवं.

२८ फेब्रुवारी

आईला व्हिडिओ कॉल केला. ऋतुजाला फोन द्या, म्हणाली. मीच ऋतुजा, म्हटलं. आधी हसली. मग चिडली, ही कसली थट्टा, माझी मुलगी कुठाय — आणि कापला.

मेसेज केला. आई, ताबडतोब सोलापूरला ये. तुझी ऋतू. मेसेजला चेहरा नसतो.

२ मार्च

बॅग घेऊन खाली उतरले. साडीवाल्यांनी अडवलं. "मायाक्का, कुटं निघालीस?" हाताला धरून वर आणून सोडलं. प्रेमानं.

मला कानडी येत नाही. सकाळी चंद्रव्वांनी कानडीत काही विचारलं. मी उत्तर दिलं —

४ मार्च

आई आली. माझ्यावरून नजर फिरवून पुढं गेली. महेश्वरी रडली, खरं पाणी काढून — ऋतुजा न सांगता निघून गेली, काकू. आईकडं माझा एकही धड फोटो उरलेला नाही. पोलिसांना काय दाखवू, म्हणाली.

चंद्रव्वांनी तिचा हात धरला. आमची माया बसंल की बदलीला.

देवा. मी बसणार. ऋतुजा म्हणून —

४ मार्च, दुपारी

माझी जीन्स, माझा निळा कुडता. फोटो झाला. महेश्वरी कॉम्प्युटरवर, आई सांगतेय — नाक थोडं जाड, हसताना डावा गाल वर. सांगतेय, रडतेय. सगळं आठवतंय तिला. "हीच माझी ऋतू."

फोन तोंडासमोर धरला. उघडला. उघडला! आईनं वर बघितलं, माझ्याकडे, तिचे ओठ हलले —

चंद्रव्वा हिरवी इरकल घेऊन आल्या. मागल्या खेपेला चुकलं, म्हणाल्या. ह्या खेपेला परतीचा काढायचाच, न्हायतर आमची पोर तुमची हून बसंल.

पडद्यामागं लिहितेय. साडी अंगावर — कुणी नेसवली — महेश्वरी कॅमेरा लावतेय. आईला विचारलं तिनं, चालेल ना, काकू? आई म्हणाली, काढा ना. दुसऱ्याची मुलगी मी कशाला अडकवून ठेवू?

आई —

हाक मारतायत. माया, ए माया. ओ द्यायची नाही. तोंडात पदर कोंबलाय, तरी घशातून ती ओ —