कुसुमच्या जागी वाळूचं पोतं

ठाणे, नारळी पौर्णिमा, १९५३

आज खाडीला नारळ वाहिला आणि पावसाळाभर काठावर पालथ्या पडलेल्या क्लबच्या होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या. दर होडीत दोघं. माझी जोडीदार कुसुम, पण ती वैशाखात लग्न होऊन बेळगावला गेली. तिच्या जागी बसायला कुणीच उरलं नाही, तेव्हा क्लबात शिकवणाऱ्या सरांनी माझ्या होडीत समोर वाळूचं पोतं ठेवलं. म्हणाले, "अगं, कुसुमएवढंच भरेल. तोल राहील."

इतका राग आला! कुसुम काय नुसतं वजन होती? वळताना शिडाचा दांडा डोक्यावरून फिरतो, म्हणून मी सवयीनं ओरडले, "कुसुम, खाली वाक!" काठावरची मुलं हसली. पोतं आपलं ढिम्म.

कुसुम कधी एका जागी बसायची नाही. मासा उडाला की ही उठलीच. होडी कलायची, दोघी भिजायचो, मी भांडायचे. मग आज त्या पोत्याशीही भांडावंसं का वाटलं?

होडी एकदाही कलली नाही. सरांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

घरी आल्यावर आईनं माझ्या परकराला हात लावून पाहिलं. "आज परकर कोरडा कसा गं?"